चाळिशीनंतर दात सरळ करायचे? आधी हिरड्या तपासा

“डॉक्टर, मुलीचं लग्न पाच महिन्यांवर आलंय. तोपर्यंत माझ्या पुढच्या दातांतली ही फट बुजेल का? तार नको, शाळेत मुलं हसतील. ते पारदर्शक साचे मिळतात ना, तेच द्या.”

सत्तेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकाबाई दवाखान्यात आल्या होत्या. मोबाईलवर त्यांनी जाहिरात पाहिली होती. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, “बाई, ही फट लहानपणापासून आहे की अलीकडे पडली?” त्या म्हणाल्या, “लग्नाच्या फोटोत तर नाही. दोन-तीन वर्षांत वाढलीय.”

वाचकहो, सारी मेख या उत्तरात आहे. मोठ्या वयात दात सरळ करण्याविषयी हल्ली बरीच विचारणा होते, म्हणून आज या विषयाची नीट माहिती घेऊ.

दात हलतो तरी कसा?

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे एक आवरण असते. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिकडचे हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. असा दात हाडातून सरकत जातो.

ही क्रिया आयुष्यभर चालू राहते. त्यामुळे ‘दात सरळ करायचे ते लहानपणीच’ हा समज बरोबर नाही. पंचविशीत, चाळिशीत, साठीतही दात सरकवता येतात. मात्र मोठेपणी जबड्याची वाढ थांबलेली असते. जबडाच फार पुढे किंवा मागे असेल, तर नुसते दात सरकवून तो दोष जात नाही. अशा वेळी कधी कधी शस्त्रक्रिया लागते.

पारदर्शक साचे म्हणजे काय?

या साच्यांना अलाइनर म्हणतात. दातांवर टोपीसारखी चपखल बसणारी, पातळ, पारदर्शक प्लास्टिकची ही पट्टी असते. दातांचे माप घेऊन संगणकावर त्यांची प्रतिकृती तयार करतात. दात आज कुठे आहेत आणि शेवटी कुठे न्यायचे, हे ठरवून मधल्या प्रवासाचे लहान लहान टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्याचा एक साचा. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा.

हिशेब सोपा आहे. दात तीन मिलिमीटर सरकवायचा असेल तर किमान बारा साचे लागतील. प्रत्येकी दोन आठवडे धरले तर सुमारे सहा महिने. अधूनमधून साचे पुन्हा बनवावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत हॅरोल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्ये रबराच्या साच्याने दात थोडेथोडे सरकवण्याची पद्धत मांडली होती. पण प्रत्येक टप्प्याचा साचा हाताने करणे फार किचकट होते. संगणक आल्यावर ते जमले. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी कॅलिफोर्नियात ‘अलाइन टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली. चिश्ती यांनी स्वतः मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. १९९८ मध्ये त्यांच्या ‘इन्व्हिजलाइन’ साच्यांना अमेरिकी सरकारच्या औषध खात्याची मंजुरी मिळाली. आज अनेक कंपन्या, भारतीयसुद्धा, असे साचे बनवतात.

नव्याने पडलेली फट ही धोक्याची घंटा

आता बाईंकडे वळू. ज्यांच्या दातांत लहानपणापासून फट आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण चाळिशीनंतर पुढचे दात पसरू लागले, पुढे येऊ लागले, लांब दिसू लागले, तर बहुतेक वेळा त्यामागे हिरड्यांचा रोग असतो. यालाच आपण पायोरिया म्हणतो. दातांवर साचलेल्या कीटणामुळे हिरड्या सुजतात, रक्त येते, तोंडाला वास येतो. आत हाड झिजत जाते. हाडाचा आधार सुटला की जिभेच्या आणि चावण्याच्या जोराने दात जागा सोडतात. दुखत नाही, म्हणून माणूस स्वस्थ बसतो.

हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजण्याची एक बारीक सळई असते. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत आत जाते. बाईंच्या पुढच्या दातांपाशी ती सहा मिलिमीटर गेली. एक्स-रेमध्ये हाड कमी झालेले दिसले. रक्त तपासले तर साखर वाढलेली होती. त्यांना मधुमेह आहे हे तेव्हाच कळले. मधुमेहात पायोरिया लवकर बळावतो आणि हिरड्या खराब असतील तर साखरही आटोक्यात राहत नाही.

अशा तोंडात तसेच साचे घातले असते तर काय झाले असते? सुजलेल्या हिरडीत दात सरकवला की हाड आणखी वेगाने झिजते. फट बुजता बुजता दातच हातात आला असता.

बाईंना मी स्पष्ट सांगितले, “लग्नाला फट राहील. पण दात राहतील.” त्या थोड्या हिरमुसल्या, पण ऐकले. साखरेवर औषध सुरू झाले. हिरडीखालची खोल सफाई झाली. रोज रात्री ब्रश आणि दातांच्या फटींसाठीचा लहान ब्रश सुरू झाला. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही, पण रोग थांबवता येतो. रक्त येणे पूर्ण थांबून सहा महिने झाल्यावर साचे दिले. वर्षभरात फट मिटली. तोवर मुलगी सासरहून दोनदा माहेरी येऊन गेली होती!

साचे की तारा?

थोडी गर्दी, थोडी फट, किंचित वळलेले दात यांना साचे चांगले उपयोगी पडतात. सुळे किंवा उपदाढा फार वळलेल्या असतील, दात खाली ओढून आणायचा असेल, किंवा दात काढून मोठी जागा भरायची असेल, तर तारा अधिक भरवशाच्या. साच्यांना पकड मिळावी म्हणून दातांच्या रंगाचे बारीक ठिपके दातांवर चिकटवावे लागतात. कधी जागा करण्यासाठी दोन दातांमधून किंचित घासावे लागते. हे आधीच विचारून घ्यावे.

तोंडात पूल बसवलेला असेल तर जोडलेले दात सरकत नाहीत. इम्प्लांट तर मुळीच सरकत नाही. म्हणून पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवायचा असेल, तर आधी दात सरळ करा, मग पूल किंवा इम्प्लांट. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांमुळे दात सरकणे मंदावते.

बावीस तासांचा नियम

साचा डबीत ठेवून दात सरकत नाहीत. दिवसातले सुमारे बावीस तास तो तोंडात हवा. उरले दोन तास. दोन जेवणे अर्ध्या अर्ध्या तासाची, न्याहारी वीस मिनिटे, दात घासणे दहा मिनिटे. म्हणजे दीड तास संपला. उरलेल्या अर्ध्या तासात चार वेळचा चहा आणि गप्पा कशा बसणार? साचा तोंडात ठेवून चहा घेऊ नये. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, डाग पडतात, साखर आत अडकून दात किडतात. म्हणून चहा दोनदाच, तोही न्याहारी-जेवणाबरोबर घ्यावा. साध्या थंड पाण्याला हरकत नाही. साचा गरम पाण्याने कधीही धुऊ नये.

तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी यांची सवय असेल तर आधी ती सोडावी. या उपचारासाठीच नव्हे, तोंडाच्या कर्करोगापासून वाचण्यासाठीही.

घरपोच साच्यांचा मोह

घरबसल्या माप घ्या, साचे टपालाने येतील, अशाही योजना निघाल्या. अमेरिकेतील ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ ही अशा प्रकारची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. पण खरा धोका कंपनी बुडण्याचा नाही. टपालाने आलेला साचा हिरडीची खोली मोजत नाही आणि एक्स-रे पाहत नाही. आमच्या बाईंनी तो मागवला असता, तर त्यांचा पायोरिया कोणी पाहिला असता?

शेवटचा साचा शेवटचा नव्हे

सरळ केलेले दात जुन्या जागी परतू पाहतात. हिरडीतले तंतू नव्या जागी स्थिरावायला वर्षभर लागते आणि वयानुसार दात पुढेही थोडे सरकतच राहतात. म्हणून उपचार संपल्यावर रात्री घालायचा साचा किंवा दातांमागे चिकटवलेली बारीक तार वर्षानुवर्षे ठेवावी लागते. ही तयारी नसेल तर पैसे घालवू नयेत.

खर्चाविषयी दोन शब्द. साचे साधारणतः तारांपेक्षा महाग पडतात. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. तारांनीही दात तितकेच सरळ होतात.

उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा : माझ्या हिरड्या आणि हाड ठीक आहे का? माझ्या दातांना साचे चालतील की तारा? एकूण खर्चात पुन्हा लागणारे साचे आणि नंतरचा रात्रीचा साचा धरला आहे का? मला किती दिवसांनी दाखवायला यावे लागेल?

आणि एक काम आजच करा. आरशासमोर उभे राहा, पाच-दहा वर्षांपूर्वीचा आपला हसरा फोटो शेजारी धरा. दातांत नवी फट दिसली किंवा ब्रश करताना रक्त येत असेल, तर जाहिरात पाहत बसू नका. दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील साखर तपासून घ्या.