गुंडीला खाली ठेव

कोल्हापूर, १२ जून

चि. ऋजुता,

गुंडीचे, तुमच्या नव्या पिल्लाचे, फोटो पोचले. मामी सकाळपासून शेजारीपाजारी दाखवत सुटली आहे. माझ्या मात्र एक गोष्ट नजरेत आली. एवढ्या फोटोंत एकातही तिचे चारी पाय जमिनीवर नाहीत. कुठे तुझ्या खांद्यावर, कुठे निखिलच्या जॅकेटात, कुठे सासूबाईंच्या मांडीवर. फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा, हो मामा" म्हणाली असतीस आणि मागे कुकरच्या शिट्ट्या वाजल्या असत्या. म्हणून लिहायला बसलो. निखिललाही वाचायला दे.

पॉमेरेनियन म्हणजे शोभेचं कुत्रं, असं लोक धरून चालतात. त्याचे पूर्वज बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनियातले चांगले दांडगे स्पिट्झ. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणलेला मार्कोसुद्धा आजच्या पॉमपेक्षा थोराडच होता. पुढे माणसांनी निवडून निवडून त्याला तीन किलोंच्या आसपास आणून ठेवलं. अंग आटलं, स्वभाव राहिला. बेल वाजली की गुंडी घर डोक्यावर घेणार, रस्त्यावरच्या चौपट मोठ्या कुत्र्यावर धावून जाणार. (आपल्याकडे ज्यांना सर्रास पॉम म्हणतात त्यांतले पुष्कळसे खरं तर इंडियन स्पिट्झ. 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्यातलाच. तुझी मात्र अस्सल पॉमेरेनियन दिसते.) आठ आठवडे पूर्ण व्हायच्या आत पिल्लू विकायला केंद्राच्या २०१७च्या नियमांनी बंदी आहे, तरी लोक पाचव्या आठवड्यात उचलून आणतात. तू नववा लागेपर्यंत थांबलीस हे उत्तम केलंस. चावा किती जोरात लागतो हे पिल्लू भावंडांशी मारामारी करताना शिकतं. तो धडा तिचा झालेला आहे.

आता मुद्द्याचं. लॅब्राडोरचं पिल्लू अंगावर उडी मारायला लागलं की घरातले लगेच म्हणतात, याला शिकवायला हवं, उद्या हा तीस किलोंचा होईल. पॉमच्या पिल्लाने तेच केलं की "कित्ती गोड!" म्हणून उचलून घेतात. भुंकली, उचल. घाबरली, उचल. नको तिथे बसली, उचल. शिकवण्यापेक्षा उचलणं सोपं पडतं, आणि वजन पाऊण किलो असल्यामुळे ते कायमच सोपं पडत राहतं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली कुत्री पाळणाऱ्यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. लहान कुत्र्यांचे मालक आज एक, उद्या दुसरं असं वागणारे आणि शिकवण्या-खेळण्यात कमी वेळ घालवणारे निघाले. त्यांची कुत्री कमी ऐकणारी, जास्त चिडकी आणि जास्त भित्री. माझ्या दवाखान्याच्या टेबलावर मी हेच बघत आलो. नोकरीची पहिली वर्षं मी म्हशींत काढली, पण सर्वांत जास्त चावे माझे तीन-चार किलोंच्या मंडळींनी घेतले आहेत.

तिच्या जागी बसून बघ. ती जमिनीवर काहीतरी हुंगत असते, तेवढ्यात वरून दोन हात येतात आणि पायाखालची फरशी नाहीशी होते. पहिल्यांदा ती कान मागे पाडते. मग ओठांवरून जीभ फिरवते, तोंड वळवते, झोप आलेली नसताना जांभई देते, अंग ताठ करते. हे सगळं "नको" म्हणणंच आहे, पण एवढ्याशा केसाळ तोंडावर ते कुणाला दिसत नाही. मग एक दिवस ती गुरगुरते आणि घरातले दटावतात, "ए! गुरगुरायचं नाही!" काही दिवसांत गुरगुरणं खरंच थांबतं. त्यानंतर येतो तो थेट दात, आणि लोक मला सांगतात, "डॉक्टर, काही कारण नसताना चावली हो." गुंडी गुरगुरली तर हात मागे घ्या आणि कशावरून गुरगुरली ते बघा. दटावू नका.

उचलायचंच नाही असं नाही. आधी खाली बसा. दर वेळी एकच शब्द म्हणा, समजा "उचलू?", आणि क्षणभर थांबा. ती जवळ आली तर एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. पुढच्या पायांना धरून कधीही उचलायचं नाही. ठेवताना चारी पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचं नाही. या जातीच्या पिल्लांचे पुढचे पाय पेन्सिलीएवढे असतात. सोफ्यावरून किंवा हातातून पडून मोडलेले पाय मी भरपूर बघितले आहेत. सोफ्यापाशी एक बुटका पाट किंवा उशी ठेव, उतरायला पायरी होईल. गळपट्ट्याला दोरी बांधून ओढू नका. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, तिला छातीवरून जाणारा हार्नेसच घ्या.

शी-शूचं तू काळजीने विचारलं होतंस. ती वाईट खोड नव्हे, तिचं मूत्राशयच एवढंसं आहे. या वयात दिवसा दोन-तीन तासांच्या वर तिने धरून ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळता खेळता मध्येच नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागली की लगेच बाथरूममध्ये किंवा बाल्कनीतल्या ट्रेपाशी न्या. शक्यतो चालवत, म्हणजे वाट तिच्या पायांना कळेल. तुम्ही रोज उचलून नेलंत तर तिला फक्त तुमची वाट बघायला येईल. झालं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडेपर्यंत ती कशाची शाबासकी ते विसरलेली असते, म्हणून तुकडे खिशात ठेव. पिल्लू ज्या पृष्ठभागावर पहिले आठवडे जातं तोच त्याच्या डोक्यात बसतो. आधीच्या घरी वर्तमानपत्र अंथरत असतील तर सासऱ्यांचा रविवारचा अंक जमिनीवर राहू देऊ नकोस. सगळी पायपुसणी दोन महिने उचलून ठेव. मऊ आणि पाणी शोषणारी वस्तू तिला खास तेवढ्यासाठीच ठेवल्यासारखी वाटते.

नको तिथे केलं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही, वर्तमानपत्राची सुरळी तर मुळीच नाही. ओरडलात तर ती एवढंच शिकते की माणसांसमोर करायचं नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करते. गुपचूप पुसून टाक. तिथे फिनाईल नको. ती फरशी चाटते, आणि आपल्याला फिनाईलचा वास आला म्हणून तिचा जुना वास तिला यायचा थांबत नाही. दुकानात एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो वापर.

रात्री तिला बाल्कनीत ठेवून रडू द्यायचं, आपोआप सवय होते, हा जुन्या लोकांचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. ऐकू नकोस. परवापर्यंत ती आईच्या कुशीत भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपत होती. खोका किंवा क्रेट तुमच्या पलंगाला लागून ठेव, हात खाली सोडला की लागेल असा. पुढे हळूहळू दूर सरकवता येतो. दिवसासुद्धा तिला झोपू द्या. या वयात पिल्लं अठरा-वीस तास झोपतात, आणि झोप न झालेलं पिल्लू सगळ्यांच्या घोट्यांना चावत फिरतं. चावली तर हात सैल सोडायचा, खेळ बंद, पाठ फिरवायची. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळ. एवढंच.

खाण्याकडे मात्र बारीक लक्ष हवं. एवढ्याशा अंगात साखर साठवायला जागा नसते. नेहमीची हकिकत सांगतो. घरात पाहुणे येतात, पिल्लाला दिवसभर या हातातून त्या हातात फिरवतात, दमून ते रात्री न जेवताच झोपतं आणि पहाटे निपचित पडलेलं सापडतं. हिरड्या फिक्या, पाय लटपटत, हाक मारली तर मान उचलत नाही. अशा वेळी बोटावर मध किंवा दाट साखरपाणी घेऊन हिरड्यांना चोळायचं, घशात ओतायचं नाही, अंग उबदार गुंडाळायचं आणि तडक डॉक्टरांकडे न्यायचं. ही वेळ येऊ नये म्हणून चार महिन्यांची होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं दे. छोट्या जातीच्या पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून दिलंस की पुरे. पोळी-दूध नको, दुधाने बऱ्याच पिल्लांना ढाळ लागते.

सासूबाईंना सांगायचं कठीण आहे, पण सांगायला हवं: ताटातलं काही द्यायचं नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतं, चॉकलेट विषारी, आणि द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले दोन-चार बेदाणे तुला किरकोळ वाटतील. पाऊण किलोच्या जिवाला ते किरकोळ नाहीत. त्यांना म्हणावं, मामाने हात जोडून सांगितलंय. काही द्यायची हौस असली तर तिचंच खाणं दाणा दाणा करून त्यांच्या हातून भरवायला लाव. मांडीवर घेऊन नव्हे, समोर बसवून.

बसवायला शब्द एकच ठेवा. आत्ता तुमच्याकडे काय चाललं असेल ते मला इथे बसून ऐकू येतं: निखिल "सिट" म्हणत असेल, तू "बस", सासूबाई "बस गं बाई आता एका जागी". त्या बिचारीने काय समजायचं? "बस" तर "बस" ठरवा. चिकनचा तुकडा नाकापाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या, मान वर गेली की पुठ्ठा आपोआप खाली टेकतो. टेकला रे टेकला की तुकडा द्या. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाआधी. त्याहून जास्त ताणू नका. हे एकदा बसलं की बेल वाजल्यावर भुंकण्याऐवजी चटईवर जाऊन बसायचं, हेही त्याच रीतीने शिकवता येतं. त्याला महिने लागतात. भुंकणं पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही, पॉम आहे ती.

लसींचं तुझे डॉक्टर सांगतीलच. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. पावसाळा तोंडावर आहे, लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचंही विचारून घे. तोवर तिला रस्त्यावर, बागेत, कुत्री फिरतात तिथे जमिनीवर ठेवायचं नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

पण म्हणून तिला घरात कोंडूही नकोस. कुत्र्याच्या पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत उघडं असतं. या काळात जे शांतपणे बघितलं-ऐकलं ते त्याला आपलं वाटतं, जे राहून गेलं त्याची पुढे भीती बसते. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून बघून १९६५ साली यावर ग्रंथ लिहिला, तो अजून आम्हा लोकांच्या कामाला येतो. म्हणजे गुंडीकडे आता महिनाभर आहे. इथे मी माझाच नियम मोडतो: बाहेर तिला जरूर उचलून ने, पिशवीत घालून. रिक्षा बघू दे, हेल्मेटवाला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, शाळा सुटल्यावरची पोरं. कुणी हात लावायला आलं तर नको म्हण. बघणं पुरे आहे. घरात मिक्सर लावताना ती दुसऱ्या खोलीत खात असावी, मग हळूहळू जवळ.

आणि पुण्यात राहतेस म्हणून खास सांगतो. थोड्याच दिवसांत म्हात्रे पुलाकडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होईल. तिला तिकडे ने, पण इतक्या लांब थांब की ढोल जेमतेम ऐकू येईल आणि ती तरीही तुझ्या हातचा तुकडा खाईल. तुकडा घेत नसेल तर तू फार जवळ आहेस, मागे फिर. दर खेपेला थोडी पुढे सरक, तीही तिची तयारी दिसली तर. गणपतीत तुमच्या चौकात स्पीकरची भिंत उभी राहील तेव्हा तिला घरातच ठेव, खिडक्या लावून. पण तोवर तिच्या कानांना एवढं माहीत झालेलं असेल की हा आवाज येतो आणि जातो. दिवाळी त्यानंतर लगेच आहे.

सोसायटीतल्या कुणी लिफ्टवरून किंवा कुत्रंच पाळण्यावरून हरकत घेतली तर वाद घालत बसू नकोस. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही. त्याची एक प्रत सेक्रेटरींना दे, महापालिकेचा परवाना काढ आणि जिन्यात कधी घाण झाली तर स्वतः पूस. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा जास्त उपयोगी पडते. उन्हाळ्यात कुणी तिचे केस मशीनने सफाचट करायला सांगेल, ते करू नकोस. पॉमचे केस असे काढले की कधी कधी धड परत येत नाहीत. विंचरत जा, आणि विंचरताना कानामागे नि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का बघ.

पुढच्या महिन्यात मी आणि मामी पुण्याला येतोय. दारात शिरलो की मी तिच्याकडे बघणार नाही, बोलणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिचं माझे बूट हुंगून होऊ दे, मग मी खाली बसेन आणि ती येते का बघेन. मामीला हे जमायचं नाही. तिला मी वाटेत सांगून आणतो.

तुझा,
मामा

ता.क. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, आणि या वयात वजन आठवड्याला बदलतं. अंदाजे एक किलो धरून देऊ नकोस. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून त्यात तिला बसव आणि ग्रॅममध्ये लिहून डॉक्टरांना सांग.