भस्मकणांचे सूक्ष्मदर्शन : चित्र आणि निष्कर्ष

भस्मांच्या प्रमाणीकरणाची चर्चा निघाली की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे पुढे केली जातात. त्यांत २०-३० नॅनोमीटरचे कण दिसले म्हणजे भस्म सिद्ध झाले, असे अनुमान काढण्याकडे कल दिसतो. हे अनुमान कितपत युक्त आहे, याचा विचार येथे करू. कारण अखेर ते औषध रुग्णाच्या पोटात जावयाचे असते.

वारितर परीक्षेची मर्यादा

लोहभस्मातील आयर्न ऑक्साइड पाण्यापेक्षा सुमारे पाचपट जड असते, तरीही चांगले भस्म स्थिर पाण्यावर तरंगते. कण अतिसूक्ष्म व सहजी न भिजणारे असल्याने पाण्याचा पृष्ठताण त्यांना तोलून धरतो. म्हणजे वारितरत्व सूक्ष्मता सुचविते, परंतु कणाचे माप सांगत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही सुमारे २०० नॅनोमीटरखालील तपशील पृथक् दिसत नाही. ही उणीव १९३१ साली बर्लिन येथे नॉल व रुस्का यांनी सिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या परंपरेने भरून काढली.

द्रव आटताना काय घडते?

या यंत्रात निर्वात पोकळी आवश्यक असते आणि निर्वातात पाणी टिकत नाही. म्हणून भस्म पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून, बहुधा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी विखुरून, त्याचा थेंब सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या, कार्बनचा पातळ पापुद्रा असलेल्या तांब्याच्या जाळीवर वाळवितात. ध्वनिलहरींनी मूळचे पुंजके फुटतात. उलट, द्रव आटताना सुटे कण एकमेकांकडे ओढले जाऊन नवे पुंजके बनतात. तेव्हा चित्रातील रचना पुडीतील भस्माची नव्हे, की अनुपानात मिसळलेल्या भस्माचीही नव्हे.

यावर उपाय म्हणून द्रवाचा पातळ थर अतिशीत द्रवरूप इथेनमध्ये क्षणात गोठवितात. पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते व कण जागच्या जागी राहतात. या पद्धतीच्या विकासासाठी दुबोशे, फ्रँक व हेंडरसन यांना २०१७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र थराहून मोठे पुंजके या पद्धतीत निसटतात.

माप म्हणजे सिद्धी नव्हे

कण लहान आहे, एवढ्यावरून तो कोणत्या संयुगाचा आहे हे कळत नाही. सूक्ष्मदर्शकाला जोडलेले क्ष-किरण विश्लेषण मूलद्रव्य सांगते. पारा मुक्त आहे की गंधकाशी संयुक्त, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन लागते, आणि तेही अत्यल्प अंश हेरू शकत नाही. अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षांचा रोख नेमका येथेच आहे : धातू पुन्हा धातुरूपास येऊ नये. अपक्व भस्मातील धातू सूक्ष्म असला तर त्याची बाधा कमी होत नाही, उलट वाढण्याचा संभव असतो.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी अहवाल वाचताना पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो :

१. नमुना कोणत्या द्रवात व कसा विखुरला?
२. किती कण मोजले? दोन-चार निवडक चित्रे पुरेशी नव्हेत.
३. प्राथमिक कण व पुंजके यांची मापे वेगळी दिली आहेत काय?
४. द्रवातील कणांचे माप प्रकाश-विकिरण पद्धतीने पडताळले आहे काय?
५. संयुगाचा व मुक्त धातूचा निर्णय कशावरून केला?

या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर चित्र कितीही सुंदर असले तरी ते भस्माचे प्रमाणपत्र ठरत नाही. शास्त्रोक्त परीक्षा आणि आधुनिक उपकरणे परस्परांस पूरक आहेत. एकीच्या जागी दुसरी बसविणे इष्ट नाही, असे आमचे मत आहे.