इ. स. १८२९ : आयर्लंडातील कुळांचे मत

आयर्लंडातील बहुतेक रयत रोमन कॅथोलिक होती. परंतु पार्लमेंटात बसण्यापूर्वी जी शपथ घ्यावी लागे, तीत त्यांच्या मताचा धिक्कार असे. ही अट घालणारे प्रॉटेस्टंट होते, हे आम्ही लपवीत नाही.

१८२८ च्या जुलैत क्लेअर परगण्यात डॅनियल ओकॉनेल हा कॅथोलिक वकील निवडणुकीस उभा राहिला. ४० शिलिंगांच्या, म्हणजे २ पौंडांच्या, जमिनीवर मत असलेल्या गरीब कुळांनी जमीनदारांचे भय न धरता त्यास मते दिली. त्यास २०५७ मते पडली व प्रतिपक्ष्यास ९८२. तेव्हा सरकार नमले, आणि १३ एप्रिल १८२९ रोजी ती बंदी कायद्याने उठली.

परंतु त्याबरोबरच दुसरा कायदा होऊन परगण्यांतील मताची मर्यादा १० पौंडांवर नेण्यात आली. ज्यांच्या धैर्याने दार उघडले, त्यांचेच मत गेले! ओकॉनेल आत गेला. कुळे बाहेर राहिली.

यावरून आपण काय शिकावे? हक्क मिळाल्याचा आनंद करिताना, तो ज्याच्या कष्टाने मिळाला त्याच्या पदरी काय पडले, हे आधी विचारावे.