चित्रपट संकलन : एक कष्टसाध्य व्यवसाय

राळेगाव तालुक्यातील तरुणांना कापसापासून रुई कशी निघते, हे सांगावे लागत नाही. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, मगच गाठी बांधल्या जातात. चित्रपट संकलकाचे कार्यही काहीसे असेच आहे. मात्र येथे काय ठेवावे व काय टाकावे, याचा निर्णय यंत्राला करता येत नाही.

चित्रीकरणात एकच प्रसंग निरनिराळ्या कोनांतून अनेकदा टिपलेला असतो. त्यातील योग्य दृश्ये निवडणे, त्यांचा क्रम व लांबी ठरविणे आणि ध्वनीशी त्यांचा मेळ घालणे म्हणजे संकलन होय. समजा, बाजार समितीच्या आवारात व्यापारी कापसाचा भाव पुकारीत आहे. त्या क्षणी पडद्यावर व्यापाऱ्याचा चेहरा दाखवावा की शेतकऱ्याचा? पहिल्याने माहिती मिळते. दुसऱ्याने त्या भावाचा घरसंसारावर होणारा परिणाम कळतो.

बोलपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसत; म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटास १३,५०० फूट फिल्म लागे. ती हाताने कापून जोडली जाई. आता हे काम संगणकावर होते. साधन बदलले, दृश्य नेमके कोठे तोडावे, हा प्रश्न मात्र कायम आहे.

या व्यवसायात प्रवेशाचे दोन मार्ग आहेत. पहिला शिक्षणाचा. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेत संकलनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. प्रवेशपरीक्षा मात्र द्यावी लागते. म्हणून महाविद्यालय अर्धवट सोडून मुंबई गाठणे हिताचे नाही. याच संस्थेतून शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’सह चार चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. हे क्षेत्र मुलींनाही खुले आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरा मार्ग उमेदवारीचा. मूळचे गोव्याचे वामन भोसले १९५२ साली नोकरीच्या शोधात मुंबईस आले. दीर्घकाळ सहायक म्हणून राबल्यावर १९६९ च्या ‘दो रास्ते’ने त्यांचे नाव झाले, पुढे ‘इन्कार’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मधली सतरा वर्षे विसरून केवळ पुरस्कार पाहणे योग्य नव्हे. सहायकाचे उत्पन्न तुटपुंजे व अनियमित असते, मुंबईतील राहणी महाग असते. हा हिशेब कुटुंबात बसून आधीच मांडावा.

तयारीला मात्र गावातच आरंभ करता येतो. पोळ्याचे किंवा कापूस वेचणीचे तासभर चित्रण करून त्याचा पाच मिनिटांचा अनुबोधपट करावा आणि तो गावकऱ्यांना दाखवावा. प्रेक्षक कोठे चुळबुळ करतात, हे पाहिले की अनावश्यक भाग कोणता ते आपोआप उमगते. आपणच कष्टाने टिपलेले दृश्य आपल्याच हाताने वगळण्याचे धैर्य ज्याच्या अंगी येईल, त्याने या व्यवसायाचा विचार अवश्य करावा.