कचेरीतला जागल्या



पूर्वी गावाला जागल्या असे. गाव निजला की तो काठी आपटीत फिरे. चोर दिसला की हाळी देई. चोर कोणाचा सोयरा आहे, हे तो बघत नसे.

आता सरकारी कचेरीत चोरी झाली, तर हाळी कोणी द्यायची? बाहेरच्या माणसाला आतले काही दिसत नाही. कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबाकडे. तिथे आतलाच माणूस लागतो. कारकून असेल, ओव्हरसियर असेल, इंजिनियर असेल. अशा माणसाला वर्तमानपत्रवाले हल्ली 'जागल्या' म्हणतात. नाव चांगले शोधले आहे.

पण गावचा जागल्या उघड ओरडे. कचेरीतला जागल्या भितो. बदली होईल, नोकरी जाईल, एखादे वेळी जीवही जाईल. म्हणून तो पुष्कळदा आपले नाव लपवतो. नाव लपवावे की सांगावे, हे आज आपण पाहू.

धरण म्हणजे काय, हे पाटण तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. कोयना धरणात शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावते. त्या पाण्याखाली आपलीच गावे गेली. नंतर तारळी, मोरणा, वांग या नद्यांवरही धरणे झाली. तेव्हा धरणांचा पैसा कुठे जातो, हे विचारायचा हक्क आपल्याइतका कोणाला?

हाच प्रश्न २०१२ साली साऱ्या महाराष्ट्रात गाजला. राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा छापून आला. दहा वर्षांत पाण्याखालचे क्षेत्र शेकडा ०.१ इतकेच वाढले, असा तो आकडा होता. आणि खर्च? सुमारे ७०,००० कोटी रुपये, असे वर्तमानपत्रे लिहू लागली. एवढ्या पैशात एवढेच पाणी? लोक चक्रावले.

त्या वेळी पाटबंधारे खात्यात विजय पांढरे नावाचे मुख्य अभियंता होते. धरणांच्या कामांची कागदपत्रे तपासणाऱ्या समितीवर ते होते. म्हणजे कपाटातले कागद त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. कामांच्या किमती फुगवल्या आहेत, कामे निकृष्ट आहेत, उपसा सिंचनाच्या बहुतेक योजना बंद पडल्या आहेत, असे त्यांनी लिहिले. खाली स्वतःची सही केली. मुख्यमंत्री तेव्हा पृथ्वीराज चव्हाण होते. त्यांचे मूळ गाव आपल्याच तालुक्यातले कुंभारगाव.

पत्र वर्तमानपत्रांत आले आणि खळबळ उडाली. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्याकडे पूर्वी हे खाते होते. २५ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आरोप मात्र त्यांनी नाकारले. मग सरकारने श्वेतपत्रिका काढली. तो ०.१ चा आकडा तीत मान्य केला नव्हता. पाणी त्याहून बरेच वाढले, असे सरकारचे म्हणणे होते. डिसेंबरात अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. पुढे माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. तिने २०१४ साली अहवाल दिला. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने चौकशी केली, खटले भरले. २०१९ साली याच खात्याने हायकोर्टात लिहून दिले, की अजित पवार यांचा यात दोष दिसत नाही.

पांढरे यांचे काय झाले? त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. २०१४ साली नाशकातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. जागल्याला लोक शाबासकी देतात, मते देतीलच असे नाही.

सहीमुळे पत्राला वजन आले, यात शंका नाही. पण सही न करताही मोठे बिंग फुटलेले आहे. अमेरिकेत १९७२ साली विरोधी पक्षाच्या कचेरीत चोर शिरले. ते अध्यक्ष निक्सन यांच्याच माणसांनी पाठवलेले होते. एक बडा पोलीस अधिकारी रात्री गाड्या ठेवण्याच्या तळघरात एका बातमीदाराला भेटे आणि खूण सांगे. बातमीदार ती गोष्ट दुसरीकडून पडताळून घेई. नुसत्या कुजबुजीवर छापत नसे. १९७४ साली निक्सन यांना पद सोडावे लागले. त्या अधिकाऱ्याचे नाव मार्क फेल्ट. ते जगाला २००५ साली कळले. तीस वर्षांहून जास्त काळ नाव पोटात ठेवले! आपल्याकडे चहाच्या टपरीवर एक दिवस तरी टिकले असते का?

आणि नाव फुटले तर काय होते, तेही ऐका. सत्येंद्र दुबे हे तरुण इंजिनियर बिहारात हमरस्त्याच्या कामावर होते. कामातली लबाडी त्यांनी पंतप्रधानांना कळवली. माझे नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली. पण ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्यांना गोळी घालून मारले. हे काम लुटारूंचे, असे तपासात ठरले आणि तिघांना जन्मठेप झाली. पुष्कळांना ते पटले नाही. काही असो, ज्यांनी नाव झाकायचे त्यांनीच ते उघडे टाकले, हे आम्हाला फार लागते.

या प्रकरणानंतर २००४ साली केंद्र सरकारने एक रीत घातली. केंद्राच्या खात्याबद्दल किंवा सरकारी बँकेबद्दल तक्रार असेल, तर ती दिल्लीच्या केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटातून पाठवायची. पाकिटावर आपले नाव घालायचे नाही. आत मात्र नाव-पत्ता हवाच. आयोग तो झाकून ठेवतो. निनावी अर्ज या रीतीत घेत नाहीत. २०१४ साली जागल्यांसाठी कायदाही झाला. पण तो लागू करायची तारीख सरकारने वर्षानुवर्षे काढलीच नाही. कुंपण घातले, पण फाटक बसवायचे राहिले!

राज्याच्या कचेरीत कोणी लाच मागितली, तर १०६४ या नंबरावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

निनावी अर्ज अगदीच वाया जातो का? बहुधा जातो. "अमका साहेब खातो" एवढेच लिहिले, तर तो टोपलीत जातो, आणि जावाच. भाऊबंदकीच्या रागातून असे अर्ज किती येतात, हे कोणत्याही तलाठ्याला विचारा. पण "अमक्या तारखेला, अमक्या रस्त्याचे, अमक्या रकमेचे बिल निघाले, आणि रस्ता जागेवर नाही," असे लिहिले, तर साहेबाला तो टाकताना दोनदा विचार करावा लागतो. रस्ता आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसते. ते बघायला अर्जदाराचे नाव लागत नाही.

लिहून पहा : तुमच्या गावच्या एका सरकारी कामाबद्दल पाच ओळींचा अर्ज लिहा. कामाचे नाव, जागा, तारीख आणि रक्कम घाला. जे स्वतः पाहिले तेवढेच लिहा. ऐकलेले असेल, तर "ऐकले" असे लिहा. मग अर्ज घरात मोठ्याने वाचून दाखवा.