घड्याळाची टिकटिक

रात्री घर शांत झाले, की किल्लीच्या मनगटी घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येते. हा आवाज चाके फिरल्यामुळे होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो चाके थांबल्यामुळे होतो.

किल्ली दिली, की घड्याळातील पोलादी स्प्रिंग आवळली जाते. उलगडताना ती चाके फिरवते. तिला मोकळे सोडले, तर तिची शक्ती क्षणांतच संपून जाईल. म्हणून शेवटच्या दातेरी चाकाच्या वाटेत एक छोटा अडसर बसवलेला असतो. मागेपुढे झोके घेणारे तोलचक्र हा अडसर हलवते. प्रत्येक वेळी चाक थोडेसे सुटते आणि त्याचा पुढचा दाता अडसराच्या टोकावरील माणकाच्या खड्यावर आपटून थांबतो. तीच 'टिक'!

एच.एम.टी. कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. तिच्या 'जनता' घड्याळात सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,००० ठोके पडतात. हा उद्योग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तरीही ती घड्याळे अनेकांनी जपली आहेत.

जुन्या घड्याळाची परीक्षा कारागीर प्रथम कानाने करतो. टिकटिक लंगडत असेल, तर तोलचक्राचे झोके दोन्ही बाजूंना सारखे नाहीत, हे तो ओळखतो. ती फार घाईची वाटली, तर तोलचक्राच्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटल्याचा संशय त्याला येतो. असा सराव झालेल्या कानाला घड्याळ उघडण्यापूर्वीच त्याचे दुखणे कळते.