चंचल मूल आणि आपलें घर

जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं हाइनरिश हॉफमन नांवाचे एक डॉक्टर होते. १८४४ सालीं नाताळाच्या सुमारास आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं त्यांना मनाजोगें पुस्तक मिळेना, तेव्हां त्यांनीं स्वतःच चित्रें काढून व पद्यें रचून एक पुस्तक तयार केलें. पुढें तें छापलें गेलें व त्याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. त्या छापील पुस्तकांत फिलिप नांवाचा एक मुलगा आहे. जेवावयास बसला असतां तो खुर्चीवर मागेंपुढें झुलत राहतो, आणि शेवटीं मेजावरील चादर व अन्न यांसह जमिनीवर कोसळतो. हान्स नांवाचा दुसरा मुलगा आकाशाकडे पाहत चालतो व नदींत पडतो. हे दोघे आमच्या प्रत्येक वर्गांत आहेत, आणि पुष्कळ वाचकांच्या घरींही असतील.

अशा मुलांना आपण काय म्हणतों? पहिल्याला द्वाड आणि दुसऱ्याला मठ्ठ. ही चूक आम्हींही केलेली आहे. एका मुलास आम्हीं कितीदां तरी बाकावर उभें केलें असेल. एके दिवशीं सहज त्यालाच खडू आणावयास पाठविलें. तो धांवत गेला, धांवत आला, आणि बसून दोन उदाहरणें बिनचूक सोडविलीं. त्याला गणित येत होतें. तासभर हालचाल न करितां बसणें तेवढें येत नव्हतें. शिक्षा मात्र आम्हीं त्याला गणिताच्या नांवानें करीत होतों.

या स्थितीकडे वैद्यांचें लक्ष जाऊन पुष्कळ काळ लोटला आहे. १९०२ सालीं डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें व्याख्यानें देऊन, बुद्धींत उणेपणा नसतांही स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. तिचें आजचें नांव ए.डी.एच.डी., म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, हें १९८७ पासून रूढ झालें. तिच्या मुळाशीं अनुवंशाचा भाग मोठा असतो. आईबापांच्या लाडानें किंवा मुलाच्या हट्टानें ती उत्पन्न होत नाहीं. साखरेनें मुलें अनावर होतात, ही समजूतही परीक्षेस उतरली नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत कांहीं मुलांना कांहीं आठवडे साखरेचें व कांहीं आठवडे कृत्रिम गोडीचें अन्न, कोणतें केव्हां हें न कळवितां, देऊन पाहिलें. वागणुकींत फरक आढळला नाहीं.

मात्र प्रत्येक चपळ मूल या वर्गांत बसत नाहीं. चार वर्षांच्या मुलानें धांवूं नये, तर कोणीं धांवावें? लक्षणें घरीं व शाळेंत अशा दोन्ही ठिकाणीं, निदान सहा महिने, वयाच्या मानानें फाजील दिसत असतील, व त्यांमुळें मुलाच्या कामांत अडथळा येत असेल, तरच डॉक्टर तसें निदान करितात. त्याआधीं कान व डोळे तपासून घ्यावे. ज्याला फळाच दिसत नाहीं त्याचें लक्ष फळ्यावर कसें राहील? मुली पुष्कळदां हान्सप्रमाणें शांत बसून स्वप्नांत रमतात, म्हणून त्या सहज नजरेंतून सुटतात.

अगदीं लहान, म्हणजे सहा वर्षांखालील मुलांसाठीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१९ सालीं दिलेला सल्ला असा कीं, आरंभ औषधानें न करितां आईबापांना मुलाशीं वागण्याची रीत शिकवून करावा. त्या रीतीचा गाभा सोपा आहे. दुरून ओरडूं नये. जवळ जाऊन, मुलाच्या डोळ्यांकडे पाहून, एका वेळीं एकच काम सांगावें. 'नीट वाग' असें न म्हणतां 'चपला जागेवर ठेव' असें म्हणावें. काम होतांच, तत्काळ, शाबासकी द्यावी. संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेली शाबासकी अशा मुलाला पोंचत नाहीं. मार देऊं नये. मारानें मूल आवरण्यास शिकत नाहीं, भिण्यास शिकतें.

या रीतीच्या जोडीला घरांतील नित्याच्या गोष्टी याव्या. उठणें, जेवणें, अभ्यास व निजणें यांच्या वेळा ठरलेल्या असाव्या, आणि त्यांचीं चित्रें काढून भिंतीवर लावावीं. तीन ते पांच वर्षांच्या मुलाला दुपारची झोंप धरून दहा ते तेरा तास, व त्यापुढें बाराव्या वर्षापर्यंत नऊ ते बारा तास झोंप लागते. तिच्या आड येणारा मोबाइल निजण्यापूर्वीं बराच वेळ दूर ठेवावा. रोज मोकळ्या हवेंत खेळूं द्यावें. २००९ सालीं अमेरिकेंत केलेल्या एका लहानशा प्रयोगांत, अशीं मुलें वीस मिनिटें बागेंत फिरून आलीं असतां, शहरांतील रस्त्यांवर फिरून आलेल्या वेळेपेक्षां त्यांचें लक्ष अधिक टिकलें. आहारांत भाकरी, डाळ, भाजी व फळें हींच बरीं. कृत्रिम रंगांच्या मिठायांनीं व पेयांनीं कांहीं मुलांची चंचलता थोडी वाढते, असें इंग्लंडांत २००७ सालीं दिसून आलें आहे. रक्तांत लोह कमी असल्याची शंका आल्यास डॉक्टरांकडून तपासून घ्यावें.

एवढें सांगून एक इशारा दिलाच पाहिजे. या उपायांनीं मुलाला व घराला पुष्कळ स्वास्थ्य मिळतें, परंतु ते प्रत्येक वेळीं पुरे पडतातच असें नाहीं. मूल मोठें होऊनही अडचण टिकली व डॉक्टरांनीं विचारपूर्वक औषध सांगितलें, तर त्याची लाज बाळगूं नये. लाज बाळगावी ती बुद्धि वाढविण्याचें वचन देऊन बाटल्या विकणारांच्या नादीं लागण्याची.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेजारीं बसणारा फिलिप तुमची दौत सांडील, तुमचें बोलणें मध्येंच तोडील. त्याला हंसूं नका. त्याला पुढची ओळ बोटानें दाखवा, खेळांत घ्या. ज्या मुलास दिवसांतून दहा वेळां 'द्वाड' ही हांक ऐकूं येते, तें हळूहळू तेंच आपलें खरें नांव मानूं लागतें. त्याचें खरें नांव घेऊन त्याला हांक मारणें, एवढें तर आपणां सर्वांच्या हातीं आहे.